घरी आणलेल्या मांजराच्या पिल्लाची हगवण : कारणे, काळजी व उपचार



गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्या आजारांविषयी आपण नेहमी ऐकतो व वाचतो. मांजराविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. मांजर बहुधा विकत आणावे लागत नाही, त्यामुळे त्याची किंमतही कोणी करत नाही. परंतु ज्या घरात ज्वारीची पोती, भुईमुगाच्या शेंगा आणि बियाण्याच्या थैल्या आहेत, त्या घरात मांजर हे कामाचे जनावर आहे. सुगी झाली, धान्य घरात आले आणि उंदीर वाढले, की शेजारच्या वस्तीवरून किंवा पाहुण्यांकडून एखादे पिल्लू आणले जाते. मुले कौतुकाने त्याच्यापुढे वाटीभर दूध ठेवतात. दोन-तीन दिवसांत पिल्लू पातळ हगू लागते, कोपऱ्यात अंग चोरून बसते आणि पुष्कळदा मरते. ‘त्याला जगायचेच नव्हते’ असे म्हणून आपण दुसरे पिल्लू आणतो.

यांतील बरीच पिल्ले वाचू शकतात. पिल्लू हगवणीने मरते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ते शरीरातील पाणी कमी झाल्याने, गारठ्याने आणि उपासमारीने मरते. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी सांभाळता येतात. त्या कशा सांभाळायच्या हे आज सांगणार आहे.

हगवण कशामुळे लागते?

पहिले कारण म्हणजे अचानक बदललेला आहार. आईचे दूध तुटते, जागा बदलते, माणसे नवी असतात. त्यातच नवे अन्न एकदम पोटात जाते.

दुसरे कारण दूध. मांजराला दूध आवडते हे खरे, पण आवडणे वेगळे आणि पचणे वेगळे. दुधातील साखर पचविणारा पाचकरस आईचे दूध सुटल्यानंतर पिल्लाच्या आतड्यात कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पातळ शौचास होते. म्हशीच्या दुधात स्निग्धांशही जास्त असल्यामुळे ते अधिकच बाधते.

तिसरे कारण जंत. गोलकृमी आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात येतात. अशा पिल्लाचे पोट ढोलकीसारखे फुगलेले व पाठीचा कणा वर आलेला दिसतो. विष्ठेत किंवा ओकारीत शेवयांसारखे पांढरे जंत पडतात. कोंबड्यांत व करडांत आढळतो तसा कॉक्सीडियाचा प्रादुर्भाव मांजराच्या पिल्लांतही होतो. त्यात विष्ठेबरोबर शेंब व कधी रक्त पडते.

चौथे आणि सर्वांत घातक कारण म्हणजे पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य रोग. यात ताप, ओकाऱ्या आणि हगवण एकदम सुरू होतात. पिल्लू पाण्याच्या भांड्याशी मान टाकून बसते, पण पाणी पीत नाही. लस न टोचलेली पिल्ले यात मोठ्या प्रमाणावर दगावतात. हा रोग माणसाला होत नाही.

पहिले चोवीस तास

प्रथम पिल्लाचे वय पाहा. तोंड उघडून दाढा दिसल्या तर पिल्लू साधारण सहा आठवड्यांचे किंवा त्याहून मोठे आहे असे समजावे. त्याहून लहान पिल्लाला हगवण लागली तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. चार आठवड्यांच्या आतील पिल्लू दुधावरच असते. त्याला शक्य असल्यास परत आईजवळ सोडावे. मुळात आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडूच नये.

पिल्लू मोठे असेल, खेळत असेल आणि फक्त शौचास पातळ होत असेल तर पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

१. दूध ताबडतोब बंद करावे. पाणी घालून पातळ केलेले दूधही देऊ नये.

२. अंग उबदार ठेवावे. खोक्यात जुने सुती कापड घालून खोका वारा नसलेल्या जागी ठेवावा. बाटलीत कोमट पाणी भरून ती कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवावी. ऊब जास्त झाल्यास पिल्लाला दूर सरकता यावे एवढा खोका मोठा असावा. तोंड व पाय गार लागत असतील तर आधी ऊब द्यावी आणि मगच तोंडावाटे काही द्यावे. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही.

३. पाणी द्यावे. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे वजन साधारण ८०० ते ९०० ग्रॅम असते. त्याला एरवीही दिवसाला ६० ते ८० मि.लि. पाणी लागते. हगवणीत गरज वाढते. औषधाच्या दुकानात मिळणारी ओ.आर.एस.ची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. सुई काढलेल्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने २ ते ३ मि.लि. द्रावण दर पंधरा-वीस मिनिटांनी गालाच्या कडेने थेंब थेंब सोडावे. पिल्लाला उताणे धरू नये, कारण पाणी फुफ्फुसात जाते. केलेले द्रावण चोवीस तासांनंतर फेकून द्यावे.

४. उपाशी ठेवू नये. मोठ्या जनावराला पोट बिघडल्यावर एक दिवस लंघन चालते. पिल्लाला ते चालत नाही, कारण रक्तातील साखर उतरून ते गळून जाते. चार-पाच तासांची विश्रांती पुरे. त्यानंतर बिनहाडाची, मीठ-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी बारीक कुस्करून, त्यात थोडा मऊ भात मिसळून द्यावी. एका वेळी दोन चहाचे चमचे, असे दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. काटे काढलेली उकडलेली मासळीही चालते. घरी सामिष शिजत नसेल तर तात्पुरते उकडलेले अंडे द्यावे. मात्र मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. वरण-भात किंवा भाकरी-दूध यांवर त्याचे कायमचे पोषण होत नाही. मांसातून मिळणारे टॉरिन हे द्रव्य न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते व हृदय कमजोर होते.

काय करू नये?

माणसाची औषधे मांजराला देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. लहान मुलांचे तापाचे औषधही त्यातच आले. हगवण थांबविण्याच्या गोळ्या, उगाळलेले जायफळ, पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल, यांतील काहीही देऊ नये. कांदा व लसूण कोणत्याही रूपात देऊ नये. त्यामुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात.

आपल्या गोठ्यातील एक धोका विशेष लक्षात ठेवावा. गाई-बैलांच्या गोचिडांवर आपण सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ वापरतो. पिसवा झाल्या म्हणून तेच औषध मांजराला लावले तर विषबाधा होऊन ते दगावू शकते. पिल्लू आजारी पडलेली जागा फिनेलने धुण्याची पद्धतही सोडावी. मांजर पंजे चाटते आणि फिनेल पोटात जाते. घरात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमाडिओलोनचे आमिष ठेवले असेल तर ते उचलून टाकावे. मेलेले उंदीरही पुरून टाकावेत. मांजर आणि विष दोन्ही एकाच घरात ठेवणे बरे नव्हे.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही, किंवा हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर शरीरातील पाणी फार कमी झाले आहे असे समजावे. अशा वेळी तोंडावाटे दिलेले पाणी पुरत नाही, सलाईन लागते. वारंवार ओकाऱ्या होणे, विष्ठेत रक्त असणे किंवा ती डांबरासारखी काळी असणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, बारा तास काहीही न खाणे, अंगाचे तापमान ९९ अंश फॅरनहाईटच्या खाली किंवा १०३ च्या वर जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब करू नये. निरोगी पिल्लाचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाईट असते. लक्षणे सौम्य असली तरी चोवीस तासांत उतार पडला नाही तर दवाखाना गाठावा.

जाताना ताजी विष्ठा स्वच्छ, कोरड्या बाटलीत न्यावी. ती तपासल्यावर जंत आहेत की कॉक्सीडिया हे समजते आणि नेमके औषध देता येते. जंताचे औषध पिल्लाच्या वजनावर ठरते. शेळीसाठी आणलेले औषध अंदाजाने पाजू नये.

घरातील माणसे आणि शेळ्या-मेंढ्या

पिल्लाची घाण काढल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण मांजराच्या गोलकृमीची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरतो. गरोदर स्त्रियांनी ती साफ करू नये. विष्ठा रोजच्या रोज काढून खोल पुरावी, कारण हा परजीवी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो. याच परजीवीमुळे शेळ्या-मेंढ्यांत गर्भपात होतात. म्हणून कडबा, पेंड व खुराक झाकून ठेवावा. भाजीपाल्याच्या वाफ्यात किंवा गांडूळखताच्या खड्ड्यात मांजराची विष्ठा टाकू नये. पिल्लू चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांना भेटावे.

पुढील पिल्लू आणण्यापूर्वी

नवे पिल्लू आणल्यावर पहिला आठवडा ते आधी जे खात होते तेच द्यावे आणि नवा आहार हळूहळू मिसळावा. पाणी नेहमी समोर असावे. जंताचे औषध वयाच्या आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला व नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पॅनल्युकोपेनियाची पहिली लस टोचावी आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी.

घरातील पिल्लू पॅनल्युकोपेनियाने मेले असेल तर त्याचे कापड व खोका जाळून टाकावा. हा विषाणू जागेत वर्षभर टिकतो आणि फिनेलने मरत नाही. घरगुती द्रव ब्लीच एक भाग व पाणी तीस भाग असे मिश्रण करून जागा दहा मिनिटे ओली ठेवावी, मग साध्या पाण्याने धुवावी. त्या घरात वर्षभर तरी लस पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये. एकामागून एक आणलेली पिल्ले त्याच कोपऱ्यात का मरतात, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

वासराला हगवण लागली की आपण रात्रीसुद्धा उठून पाहतो. तशीच एक-दोन रात्री या लहान जिवाकडे लक्ष द्यावे. वाचलेले पिल्लू पुढे अनेक वर्षे तुमच्या धान्याची राखण करील.