डिझेल गाडीचा हीटर प्लग : घरच्या घरी बदलताना

सुरत शहराला थंडी अशी फारशी ठाऊक नाही. पौष-माघात तापीवरून पहाटेचा गार वारा येतो, चहाच्या टपऱ्यांभोवती शाली दिसू लागतात. परंतु पारा १४-१५ अंशांच्या फारसा खाली सहसा जात नाही. माणसाला मानवणारी ही हवा डिझेल गाडीलाही मानवते. मात्र या सुखाच्या हवेतच गाडीतील एक लहानसा दोष महिनोन् महिने झाकून राहतो. तो दोष म्हणजे निकामी झालेला हीटर प्लग.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लग्नसराई आली की यांच्या गाड्या बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असा रस्ता धरून कोंडाईबारीचा घाट चढतात आणि साक्री-धुळ्याकडे उतरतात. रात्रीचा मुक्काम गावी, उघड्या अंगणात होतो. जानेवारीत त्या बाजूला पहाटे पारा १० अंशांच्याही खाली जातो. मग हळदीच्या दिवशी मंडळी नटूनथटून गाडीत बसते, किल्ली फिरते, इंजिन कण्हते, मागून पांढरा धूर येतो आणि गाडी काही सुरू होत नाही. ‘सुरतेत तर काल अर्ध्या किल्लीवर सुरू झाली होती,’ असे धनी सांगतो, आणि ते खरेच असते. दोष काल रात्री उत्पन्न झालेला नसतो. तो सुरतेहूनच बरोबर आलेला असतो. गावच्या थंडीने तो केवळ उघड केला इतकेच.

हे असे का होते ते कळण्यासाठी डिझेल इंजिनाचे मूळ तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगाच्या ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक हाताला गरम लागते, हा अनुभव सर्वांनाच आहे. हवा दाबली की तापते. रूडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९३ साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळविले आणि १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे जिचे यशस्वी इंजिन चालवून दाखविले, त्या कल्पनेचे मर्म हेच होते. सिलिंडरातील हवा मूळ आकाराच्या सोळाव्या, अठराव्या, कधी बाविसाव्या हिश्शाइतकी दाबली, तर ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेते. वेगळी काडी लावावी लागत नाही.

परंतु हे गणित इंजिन थंड असताना थोडे चुकते. दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडराच्या गार भिंती शोषून घेतात. बॅटरी थंडीने मंदावलेली असते, तेल घट्ट झालेले असते, त्यामुळे इंजिन सावकाश फिरते आणि उष्णता निसटून जाण्यास अधिक अवधी मिळतो. ज्या इंजिनांत तेल थेट सिलिंडरात न फवारता हेडातील एका छोट्या कोठडीत फवारले जाते, त्यांत ही अडचण विशेष असते, कारण कोठडीच्या भिंतींमुळे उष्णता शोषणारा पृष्ठभाग वाढतो. पिंपरीत तयार होऊन १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेल्या टाटा इंडिकाचे मूळचे डिझेल इंजिन याच जातीचे. उलट शेतावरील विहिरीवर हँडल मारून सुरू होणाऱ्या किर्लोस्करांच्या तेल-इंजिनाला हीटर प्लग नसतो. तेथे तेल थेट सिलिंडरात जाते. म्हणून ‘आमच्या मळ्यातल्या इंजिनाला कधी हीटर लागला नाही’ हा युक्तिवाद मोटारीच्या बाबतीत उपयोगी पडत नाही.

थंड इंजिनाला बाहेरून ऊब देण्याची युक्ती जुनीच आहे. डिझेलच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेली काही तेल-इंजिने सुरू करण्यापूर्वी त्यांच्या डोक्यावरील गोळा स्टोव्हसारख्या ज्योतीने कित्येक मिनिटे तापवावा लागे. हीटर प्लग हे त्या ज्योतीचेच सुटसुटीत, विजेचे रूप आहे. पेन्सिलीएवढ्या या नळीच्या टोकात तारेचे वेटोळे असते. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरविली की बॅटरीतून प्रवाह येतो आणि काही सेकंदांत टोक ८५० अंश सेल्सियसच्या वर तापून लाल होते. त्या लाल टोकाजवळून जाणारा तेलाचा फवारा पेटतो आणि इंजिन धरते. चार सिलिंडरांना असे चार प्लग असतात.

जुन्या काळच्या काही इंजिनांत हे प्लग एकापुढे एक असे जोडलेले असत. दिवाळीच्या जुन्या विजेच्या माळेतील एक दिवा गेला की सारी माळ विझे, तसे तेथे एक प्लग गेला की चारही थंड पडत आणि धन्याला त्याच दिवशी दोष कळे. पुढे प्रत्येक प्लगाला स्वतंत्र प्रवाह मिळू लागला. ही सुधारणा खरी. पण तिच्यामुळे एक प्लग गेला तरी उरलेले तीन काम रेटतात. दोन गेले तरी सुरतेच्या हवेत गाडी सुरू होते. फक्त पहिले अर्धा मिनिट थरथरते, खडखडते, थोडा पांढरा धूर सोडते आणि मग शांत होते. डॅशबोर्डावरील वेटोळ्याच्या आकाराचा दिवा नेहमीप्रमाणे लागतो आणि विझतो. पुष्कळांचा समज असा की दिवा विझला म्हणजे प्लग तापले. जुन्या गाड्यांत तो दिवा बहुधा ठरावीक वेळ संपली एवढेच सांगतो. प्लग जिवंत आहेत की मेलेले, हे त्याला ठाऊक नसते.

तेव्हा पहाटेच्या पहिल्या सुरुवातीकडे लक्ष ठेवणे ही पहिली परीक्षा होय. दुसरी परीक्षा हत्याराने करावयाची, पण तीही अवघड नाही. आधी बॅटरी पाहावी. विश्रांत स्थितीत तिचा दाब साडेबारा व्होल्टांच्या आसपास असावा. बॅटरीच दुबळी असेल तर प्लगांना दोष देऊन उपयोग नाही. मग किल्ली पहिल्या टप्प्यावर ठेवून प्लगांच्या माथ्यावरील पट्टीपर्यंत प्रवाह पोचतो का ते पाहावे. पोचत नसेल तर दोष फ्यूजमध्ये किंवा रिलेमध्ये आहे आणि चार नवे प्लग घालूनही गाडीत फरक पडणार नाही. प्रवाह पोचत असेल तर किल्ली बंद करावी, पट्टी काढावी आणि एकेका प्लगाची परीक्षा करावी. बारा व्होल्टांच्या लहान दिव्याची एक तार बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी प्लगाच्या माथ्याला लावली असता दिवा लागला, तर आतील तार अखंड आहे. न लागला, तर ती तुटली आहे. मीटर असेल तर आणखी चांगले. चांगल्या प्लगाचा रोध साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी असतो. चारांपैकी एखाद्याचा आकडा इतरांहून फारच वेगळा दिसला तर तो संशयित समजावा.

प्लग बाहेर काढून, बॅटरीला तारा लावून तो लाल होतो का हे पाहण्याची हौस अनेकांना असते. ती टाळावी. हातात उघडा तापलेला प्लग धरण्यात धोका आहेच. शिवाय अलीकडच्या कित्येक गाड्यांतील प्लग चार-पाच किंवा सात व्होल्टांचे असतात आणि बारा व्होल्ट मिळताच ते क्षणार्धात जळून जातात. परीक्षेनेच उमेदवार मारावा, तसा हा प्रकार होतो.

आता प्लग बदलण्याचे काम. नवा प्लग काहीशे रुपयांचा. त्याला लागणारी हत्यारे म्हणजे खोल गोटी, तिचा दांडा, टॉर्क पाना, ब्रश आणि गंज सोडविणारे तेल. इतक्या स्वस्त कामात भीती कशाची, असे वाटणे साहजिक आहे. भीती एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे जुना प्लग हेडात मोडण्याची. वर्षानुवर्षे एका जागी बसलेल्या प्लगाच्या आट्यांना गंज धरतो आणि टोकाभोवती काजळीचा कडक थर जमतो. असा प्लग जोराने फिरविला तर तो सुटत नाही, पिळून तुटतो. मग उरलेला तुकडा काढण्यासाठी हेडाला छिद्र पाडावे लागते, कधी सारे हेडच उतरवावे लागते, आणि काहीशे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. १० मिलिमीटर आट्याचा प्लग बसविताना साधारण १५ ते १८ न्यूटन-मीटर इतकाच पीळ देतात आणि काढताना ३५ च्या पलीकडे तो तुटण्याची भीती असते. दोन आकड्यांतील हे अंतर फार थोडे आहे. लांब दांड्यावर अंगाचा भार टाकणाऱ्या माणसाला ते कधी ओलांडले गेले हे कळतही नाही.

म्हणून हे काम एका दिवसाचे समजू नये. आदल्या संध्याकाळी प्रत्येक प्लगाच्या बुडाशी तेलाचे थेंब सोडावेत. दुसऱ्या दिवशी थोडी गाडी चालवून इंजिन गरम करून आणावे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो व आटे सुटण्यास मदत होते. मग हँडब्रेक ओढून, बॅटरीचे ऋण टोक सोडून, प्लगांच्या भोवतीची धूळ ब्रशने आणि हवेने स्वच्छ करावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरात पडेल. गरम लोखंडापासून हात आणि बाह्या सांभाळाव्यात. गोटी प्लगावर सरळ बसवावी आणि हळूहळू पीळ वाढवावा. किंचित हलला तर लगेच पुढे न रेटता पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे, असे करीत, मध्ये तेलाचा थेंब देत, तो मोकळा करावा. मुळीच हलत नसेल तर तेथेच थांबावे, सारे पूर्ववत जोडावे, चार दिवस गाडी चालवून, रोज तेल देऊन पुन्हा प्रयत्न करावा. तरीही न निघाल्यास अनुभवी मिस्त्रीकडे जावे. न निघालेला पण अखंड प्लग घेऊन जाणे आणि तुटलेला प्लग घेऊन जाणे, यांतील फरक मिस्त्रीच्या बिलावरून समजतो.

बाहेर आलेला जुना प्लग लगेच फेकू नये; तो सिलिंडराची हकीकत सांगतो. टोकावर कोरडी काजळी असेल तर ते वयाचे लक्षण. टोक वितळलेले किंवा खाल्ल्यासारखे दिसले तर त्या सिलिंडराचा इंजेक्टर नीट फवारत नाही, धार किंवा थेंब टाकतो आहे, असा संशय धरावा. तो दुरुस्त केल्याशिवाय नवा प्लगही टिकणार नाही. आणि टोकाचा तुकडाच नाहीसा असेल तर इंजिन मुळीच सुरू करू नये. तो तुकडा आत आहे, आणि पिस्टनाच्या एका फेऱ्यात तो मोठा घात करू शकतो.

नवे प्लग गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या मापाचे व व्होल्टाचेच घ्यावेत. छिद्रातील काजळी त्यासाठी मिळणाऱ्या रीमरने, त्याच्या खाचांत ग्रीस भरून काढावी, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. प्लग प्रथम बोटांनीच फिरवावा; बोटांनी सहज जात नसेल तर आटे वाकडे धरले आहेत असे समजून परत काढावा. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, ठरलेल्या आकड्याइतकाच द्यावा. माथ्यावरची तारेची नट तर फारच नाजूक असते. तिला दोन-तीन न्यूटन-मीटर पुरेत. एकच प्लग गेला असला तरी बाकीचे त्याच वयाचे असतात, तेव्हा चारही एकदम बदलणे बहुधा शहाणपणाचे ठरते. मात्र उरलेले तीन घट्ट बसलेले असून परीक्षेत उत्तम ठरले असतील, तर केवळ नियमाखातर त्यांच्याशी झुंज घेण्याचे कारण नाही.

गावच्या अंगणात अडलेल्या गाडीवर आणखी एक उपाय केला जातो. हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारतात. हीटर प्लग असलेल्या गाडीत हा उपाय धोक्याचा आहे. एखादा प्लग तापलेला असेल तर ती वाफ भलत्या वेळी भडकते आणि पिस्टन किंवा नळ्या फोडू शकते. सेल सतत मारीत राहण्यानेही सेल-मोटर तापते आणि बॅटरी बसते. त्यापेक्षा उन्हे वर येऊ द्यावीत, हे बरे.

नव्या कॉमन रेल इंजिनांत हीटर प्लग गाडी सुरू झाल्यावरही काही वेळ तापत राहतात. तेथे त्यांचे काम खडखडाट आणि धूर कमी करण्याचेही असते, आणि प्लग गेला तर बहुधा संगणकच इशारा देतो. जुन्या गाड्यांना मात्र असा वाचक नाही. तेथे धन्यालाच पाहावे लागते. दिवाळीच्या आधी घराची झाडलोट होते, पितळेची भांडी घासली जातात, आकाशकंदील वर काढला जातो. त्याच आठवड्यात एका सकाळी बारा व्होल्टांचा दिवा घेऊन चार प्लगांना क्रमाने लावून पाहण्यास पंधरा मिनिटे लागतात. चारही वेळा दिवा उजळला, तर मार्गशीर्षातील लग्नाला निघताना कोंडाईबारीच्या पलीकडील थंडीची चिंता निदान या कारणाने तरी करावी लागणार नाही.