दारापुढील रस्त्याचा हक्क



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून महाराष्ट्रात ज्ञानसत्रांची जी परंपरा रुजली, तिच्या व्यासपीठांवरून स्वराज्य, समाजसुधारणा, अर्थकारण असे भारदस्त विषय हाताळले गेले. त्या मानाने, निवासी वस्तीत वाहने कोठे, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने उभी करावीत, हा आजचा विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि सार्वजनिक मिळकतीचा उपभोग कोणी व कोणत्या मर्यादेत घ्यावा, हा राज्यशास्त्रातील मूलभूत प्रश्न सामान्य नागरिकाला रोज भेटतो तो याच रूपाने. माझे प्रतिपादन असे की, वाहन विकत घेतल्याने रस्त्याच्या जमिनीवर वहिवाटीचा हक्क उत्पन्न होत नाही. परंतु त्या जमिनीच्या वाटणीचा नियम मात्र त्या त्या गल्लीतील रहिवाशांना विचारूनच केला पाहिजे.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. बांधकामाच्या नियमांत एका मोटारीसाठी साधारणतः २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. तेवढ्याच जागेत शहरातील कित्येक कुटुंबे आपला अख्खा संसार करीत आहेत. पुण्याच्या जुन्या पेठांतील ६ मीटर रुंदीच्या गल्लीत दोन्ही अंगांना मोटारी लागल्या, तर प्रत्येकीची रुंदी पावणेदोन मीटर धरूनही मध्ये अडीच मीटरच उरतात, आणि अग्निशामक दलाच्या बंबाची रुंदी जवळजवळ तेवढीच असते. अशा गल्लीत रात्री-अपरात्री रुग्णवाहिका आली, की ती कोपऱ्यावरच अडते, आणि वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरील वृद्ध रुग्णाला खुर्चीत बसवून, दाटीने लावलेल्या दुचाकींच्या हँडलांमधून वाट काढीत, शेजाऱ्यांना तिच्यापर्यंत उचलून न्यावे लागते. एक बाजू मोकळी ठेवण्याचा दंडक हा केवळ शिस्तीचा भाग नसून प्राणरक्षणाची अट आहे, हे ज्याने असा रुग्ण उचलला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ही अट पाळताना कोणा एकाच बाजूच्या रहिवाशांवर भार पडू नये, म्हणून सम-विषम तारखांची योजना अमलात आली. पी-१ आणि पी-२ अशा पाट्यांनुसार विषम तारखेला एका बाजूस व सम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहने लावावयाची. महिना विषम तारखेला संपून १ तारीख येते, तेव्हा लागोपाठ दोन विषम दिवस एकाच बाजूच्या वाट्याला येतात, एवढा अपवाद सोडला तर ही वाटणी निर्दोष आहे. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने सर्वांच्या शेतास मिळते, आणि ती पाळी शेतकरी स्वतः ठरवितात व आपणच नेमलेल्या पाटकऱ्याकरवी पाळवून घेतात. दुर्मिळ वस्तूच्या न्याय्य वाटपाची ही देशी बुद्धी शहराच्या गल्लीतही उपयोगी पडणारी आहे.

कायद्याने या बुद्धीला जागा ठेवली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ अन्वये वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने मुखत्यार केलेल्या अधिकाऱ्याला आहे, परंतु तो त्या हद्दीतील स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरावयाचा आहे. पदपथावर किंवा कोणाच्या प्रवेशद्वाराची वाट अडेल अशा रीतीने वाहन लावण्यास विनियमांनी मज्जाव केला आहे, आणि १० तास बेवारस सोडलेले वाहन हलविण्याची मुभा कलम १२७ ने पोलिसांना दिली आहे. पुण्यात वाहतूक शाखा असे आदेश प्रथम तात्पुरते काढते आणि ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना मागविते. हे दार उघडे असताना आपल्यापैकी फार थोडे त्यातून आत जातात, आणि मुदत टळल्यावर फलकाखाली उभे राहून तक्रार करतात, ही मला खरी चिंतेची बाब वाटते.

जेथे नियमाचा अंमल ढिला असतो, तेथे प्रत्येक जण आपापला अंमल बसवू पाहतो. फाटकासमोर मांडलेल्या कुंड्या, रस्त्यावर रोवलेले लोखंडी खांब, ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशा पत्र्याच्या पाट्या यांच्यामागे एक त्रस्त गृहस्थ असतो, हे मान्य करूनही मी म्हणेन की, सार्वजनिक जागा कुंडी ठेवून राखणारा आणि ती वाहन लावून अडविणारा, हे दोघे एकाच प्रमादाचे भागीदार आहेत.

या प्रश्नाचे मूळ पुष्कळदा कुंपणाच्या आत सापडते. इमारतीखालील वाहनतळाच्या जागेत दुकाने व गोदामे थाटली जातात आणि तेथील वाहने रस्त्यावर येतात. दहिसर येथील पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी असा निर्वाळा दिला की, इमारतीखालील खुली वाहनजागा ही स्वतंत्रपणे विकण्याजोगी मिळकत नसून सामाईक सोय आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही, जागा अपुरी असल्यास दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ती वाटावी, अशी तजवीज आहे. जी संस्था हे प्रामाणिकपणे करील, तिच्या फाटकाबाहेरचा रस्ता आपोआप रुंद होईल.

जपानने १९६२ सालीच कायदा करून मोटारीच्या नोंदणीपूर्वी ती ठेवण्याच्या जागेचा पोलिसी दाखला आवश्यक केला. ती जागा आता घरापासून २ किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि रात्री सलग ८ तास रस्त्यावर मोटार ठेवणे तेथे गुन्हा ठरते. आपल्याकडेही २०२५ साली परिवहनमंत्र्यांनी तशाच दाखल्याचा मनोदय जाहीर केला. तत्त्व मला मान्य आहे. परंतु जपानी नागरिकाच्या हाताशी वक्तशीर आगगाडी आहे, आणि पेठेतील वाड्यात भाड्याने राहणाऱ्या, भल्या पहाटे दुचाकीवरून कामाला निघणाऱ्या माणसाला ना अंगण आहे ना वेळेवर येणारी बस. कोथरूडच्या प्रशस्त सोसायटीला जो नियम लागू करावयाचा, तोच कसब्याच्या बोळाला लावल्यास समतेच्या नावाखाली अन्याय घडेल.

पुणे महानगरपालिकेने मार्च २०१८ मध्ये मंजूर केलेल्या वाहनतळ धोरणाचा अनुभव याच दृष्टीने बोधप्रद आहे. रात्रीच्या शुल्काची कल्पना विरोधामुळे वगळण्यात आली, धोरण प्रयोगादाखल पाच रस्त्यांपुरते आखडले, आणि तेही वर्षानुवर्षे रेंगाळले. माझ्या मते लोकांचा विरोध केवळ पैशाला नव्हता. वसूल झालेली रक्कम कोठे जाईल आणि तिच्या बदल्यात आपल्या गल्लीला काय मिळेल, याची हमी कोणी दिली नव्हती.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक प्रभागाने आपल्या गल्ल्यांची रुंदी मोजून, रहिवाशांची जाहीर सभा भरवून, कोठे सम-विषम पाळी, कोठे पूर्ण बंदी आणि कोठे सशुल्क जागा ठेवावी, हे ठरवावे. ठराव वाहतूक शाखेकडे लेखी धाडावा. शुल्काची वसुली त्याच गल्लीचे पदपथ, दिवे व बससेवा यांवर खर्च होऊन तिचा जमाखर्च चौकात लावला जावा. आणि दंड करताना नगरसेवकाची मोटार व विद्यार्थ्याची दुचाकी यांत तिळमात्र भेद करू नये. स्थानिक स्वराज्य हे नाव आपण फार मोठ्या अभिमानाने उच्चारतो. ज्या नागरिकांना आपल्या दारापुढील सहा मीटर रस्त्याची न्याय्य वाटणी स्वतः करता येईल, तेच ते नाव सार्थ करतील, आणि ती वाटणी करण्यास आरंभ करण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची आपल्याला गरज नाही.