पिढीजात बंधन : यंत्राचे आणि माणसाचे



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. तेव्हा संगणकाविषयीही मी कामगाराच्याच भाषेत बोलणार.

संगणकात चालू असलेल्या प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. ती राबणारी, ‘कर्नल’ हा कारखान्याचा व्यवस्थापक. फाईल उघडणे असो की नव्या प्रोसेसला जन्म देणे असो, कर्नलकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज म्हणजेच सिस्टिम कॉल. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला लिनक्स हा असाच एक कर्नल. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच आहे. त्यात ‘पीआरसीटीएल’ नावाचा कॉल आहे. त्याने प्रोसेस स्वतःच्याच वर्तनाची व्यवस्था लावते : नाव बदलते, किंवा ‘माझी जन्मदाती संपली की मला इशारा द्या’ असे सांगून ठेवते.

२०१२ साली या कॉलमध्ये ‘नो न्यू प्रिव्हिलेजेस’ ही सोय आली. एरवी काही खास प्रोग्रॅम चालवले की चालवणाऱ्याला तेवढ्यापुरते वरिष्ठाचे अधिकार मिळतात. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम त्यांपैकीच. ‘मला यापुढे असा वाढीव अधिकार नको’ असे एकदा लिहून दिले, की तो मिळत नाही. हे वचन मागे घेता येत नाही, आणि पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला ते वारसाने लागू होते.

इतके कडक का? परक्याने पाठवलेला मजकूर वाचताना प्रोसेस चोराच्या हाती जाऊ शकते. वचन मोडता येत असते, तर चोराने पहिल्यांदा तेच मोडले असते!

यंत्रात जे भूषण, ते माणसांत काय ठरते? बापाने उचल घ्यायची आणि मुलाने राबायचे, ही आपल्याकडची वेठबिगारी. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तसली कर्जेच रद्द ठरवली.

‘सही केलीस ना, मग निभाव’ असे सांगणारे आजही भेटतात. त्यांना माझे उत्तर एवढेच : प्रोसेसला पोट नाही, म्हणून तिचे वचन अटळ असावे. भुकेपोटी केलेला अंगठा मात्र लेकरांवर चालता कामा नये.