घरी रोल धुताना फेस आला तर

आपल्यापैकी काहीजणी जुन्या कॅमेऱ्यावर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढतात आणि रोल घरीच धुतात. त्यांची एक तक्रार नेहमी येते. डेव्हलपर ओतून टाकी हलवली की फेस येतो आणि निगेटिव्हच्या कडेला फिकट पट्टा उमटतो. छापलेल्या फोटोत तोच पट्टा काळपट दिसतो. एका ताईंनी आजेसासूबाईंचे काढलेले फोटो असेच बिघडले. आजी आता नाहीत, मग ते फोटो पुन्हा कुठून आणायचे? म्हणून आज फेसाबद्दल बोलू.

फेसात हवाच जास्त. तो फिल्मवर बसला की त्या जागी डेव्हलपर नीट पोचत नाही. पण हा फेस बहुतेक वेळा आजच्या डेव्हलपरचा नसतो, मागच्या खेपेचा असतो. शेवटच्या पाण्यात आपण वेटिंग एजंट घालतो, म्हणजे पाणी सरसर ओघळतं आणि डाग राहत नाहीत. त्याचा गुण साबणासारखा. रीळही त्याच पाण्यात बुडवलं, तर खाचांत तो चिकटून राहतो. कपड्यातला साबण निघाला नाही तर पुढच्या पाण्यातही फेस येतो ना, तसंच हे.

म्हणून रोल भरण्याआधी एक परीक्षा घ्या. रिकाम्या टाकीत रीळ ठेवा, साधं पाणी भरा, झाकण लावून दहा-बारा वेळा उलटीपालटी करा. फेस टिकून राहिला तर रोल भरू नका. टाकी, झाकण, रीळ गरम पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. साबण मात्र लावू नका. फेस थांबेपर्यंत पाणी बदला आणि रीळ पूर्ण वाळवा, कारण ओल्या रिळावर फिल्म अडकते.

पुढच्या खेपेपासून शेवटच्या पाण्यासाठी वेगळं भांडं ठेवा. फिल्म रिळावरून काढूनच त्यात बुडवा. वेटिंग एजंट बाटलीवर लिहिलंय तेवढाच घ्या. बऱ्याच बाटल्यांवर 1 लिटरला 5 मिली असं प्रमाण असतं. म्हणजे 300 मिली पाण्याला दीड मिलीच झाला. अंदाजाने ओतू नका, सिरिंजने मोजा.

रोल टाकीत असताना फेस दिसला तर घाबरून झाकण उघडू नका, उजेड लागला तर सगळाच रोल जाईल. टाकी जोरात घुसळू नका, हळूच उलटी करून सरळ करा आणि दरवेळी बूड ओट्यावर दोन-तीनदा आपटा, बुडबुडे सुटतात. डेव्हलपर टाकीवर लिहिलेल्या मापाइतका भरलेला हवा. वेळ पूर्ण होऊ द्या.

आणि हो, या कामाची भांडी स्वयंपाकात परत आणायची नाहीत. हातमोजे घाला, बाटल्यांवर नाव लिहा आणि त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. पुढचा रोल भरण्याआधी पाण्याची परीक्षा तेवढी विसरू नका.