बंद बंगल्यातला उघडा कॅमेरा

माथेरानमधील अनेक बंगल्यांचे मालक मुंबईत राहतात. पावसाळ्यात बंद घरावर लक्ष ठेवायला इंटरनेटवरचा कॅमेरा सोयीचा खरा. पण मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राउटरमधून उघडलेली वाट परक्यालाही सापडते. मग घर रिकामे असल्याची खबर उलट कॅमेराच चोराला देतो.

2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले, कुणी न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठी संकेतस्थळे ठप्प केली. मालकांना बहुधा पत्ताही नव्हता.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे; शयनगृहात कॅमेरा नसावाच. दुसऱ्याच्या यंत्रात लबाडीने शिरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.