व्हिस्कींत पाणी घालावें कीं बर्फ?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या भुवया वर चढल्या असतील. जन्मभर मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविलेल्या मनुष्यानें मद्यावर बोलावें, हें चमत्कारिक वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आज पुष्कळ सुशिक्षित घरांच्या कपाटांत बाटली असते, ती पाहुण्यांपुढें निघते, आणि ती निघाली म्हणजे पाणी घालावें, बर्फ घालावा, कीं कांहींच घालूं नये, हा वाद हटकून सुरू होतो. त्या वादांत रसायनशास्त्र थोडें, त्रैराशिक त्याहून थोडें आणि अभिमान मात्र भरपूर असतो. पिण्याचा पुरस्कार करण्याचा माझा हेतु नाहीं. पण ज्या गोष्टीवर लोक बोलतातच, तिच्यावर नीट बोललेलें बरें.

कांहीं न घालतां पिणाऱ्याचा अभिमान आधीं तपासूं. स्कॉटलंडांत नवें मद्य पिंपांत भरतात तेव्हां त्यांत शेंकडा ६३ च्या आसपास मद्यार्क असतो. वर्षानुवर्षें मुरल्यानंतर, बाटलींत भरण्यापूर्वीं, बहुधा पाणी घालूनच तें प्रमाण ४० पर्यंत उतरवितात. आपल्याकडील बाटल्यांवर बहुतेक ४२·८ हा आंकडा आढळतो. म्हणजे पाणी कारखानदारानें आधींच घातलेलें असतें. वाद उरतो तो आणखी किती घालावें एवढाच.

तीव्रतेलाच उत्तमपणा समजण्याची ही खोड केवळ शहरी नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत घाटाखालीं, सातपुड्याच्या पायथ्याला, मोहाच्या फुलांची दारू गाळण्याची चाल जुनी आहे. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत स्तुतीचाच झाला आहे. स्कॉटलंडांतला भट्टीवाला मात्र पहिली धार निराळी काढून ठेवतो, कारण आधीं उडून येणारीं उग्र व अपायकारक द्रव्यें तिच्यांतच असतात.

आतां चवीचा प्रश्न. व्हिस्कीची चव ही पुष्कळशी वासाची चव असते. धुरावर वाळविलेल्या सातूपासून केलेल्या व्हिस्कीला जो धुरकट गंध येतो, त्याचें एक कारण ग्वायकॉल नांवाचें द्रव्य होय. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाचे ब्यॉर्न कार्लसन व रान फ्रीडमन या दोघांनीं २०१७ सालीं संगणकावर या द्रव्याचा अभ्यास केला. मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ४५ पर्यंत असतां ग्वायकॉलचे कण द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहतात. ५९ च्या वर गेल्यास ते मद्यार्काच्या कणांनीं वेढले जाऊन आंत राहतात, असें त्यांना दिसलें. तेव्हां तीव्र मद्यांत थोडें पाणी घातल्यानें गंध खुलतो, या जुन्या समजुतीला कांहीं आधार आहे. थोडें म्हणजे मात्र थोडेंच. पेला कांठोकांठ भरला म्हणजे गंधही पातळ होतो.

बर्फाचें काम याच्या उलट. थंडीनें गंधद्रव्यें कमी उडतात आणि जिभेलाही बधिरपणा येतो. बर्फांतून नुकताच काढलेला हापूस आंबा हुंगून पाहावा म्हणजे हें समजेल. थंडीच्या दिवसांत तूप थिजतें, तशींच कांहीं व्हिस्कींतलीं तेलकट द्रव्यें थंडाव्यानें विरघळेनाशीं होऊन पेला किंचित् गढूळ दिसतो. त्यांत भेसळ शोधूं नये.

तथापि हा सर्व विचार निवळ सातूच्या व्हिस्कीला लागू. आपल्या देशांत व्हिस्की या नांवानें जें खपतें, त्यांतील फार मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. युरोपीय संघाच्या देशांत अशा पेयाला व्हिस्की म्हणतां येत नाहीं. ज्यांत गंध मुळांतच बेताचा, त्यांत बर्फ घातल्यानें काय बिघडणार?

हा बर्फ आपल्याकडे आला तोही थेट अमेरिकेंतून. १८३३ सालीं बोस्टनहून ‘टस्कनी’ नांवाचें जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें व त्यांतील शंभरेक टन कलकत्त्यास पोंचला. लांकडाच्या भुशांत ठेवलेला तो तळ्यांतला बर्फ पाहावयास लोक जमले म्हणतात. पुढें मुंबईसही तो येऊं लागला. त्यापूर्वीं हिंदुस्थानांतील श्रीमंत लोक सोऱ्याच्या पाण्यांत सुरई फिरवून पेयें गार करीत.

आणि पाण्याची गोष्ट आम्हां वऱ्हाडच्या लोकांना कोणी शिकवावयास नको. पूर्णेच्या खोऱ्यांतला खारपाणपट्टा शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या तालुक्यांतही पसरला आहे. तेथील कित्येक विहिरींचें पाणी इतकें खारट कीं त्यांत डाळ शिजत नाहीं. तें पाणी पेल्यांत घातलें तर उंचीं व्हिस्की आणि हलकी व्हिस्की यांत फरक उरणार नाहीं.

आतां माझ्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे येतों. ‘पाणी घालून घेतली म्हणजे बाधत नाहीं,’ असें घरोघरीं ऐकूं येतें, आणि घरांतील मंडळी त्यावर विश्वास ठेवतात. मोठा पेग ६० मिलिलिटरचा. शेंकडा ४२·८ प्रमाणें त्यांत सुमारें २५·७ मिलिलिटर मद्यार्क असतो. वजनानें २० ग्रॅम. त्यांत १२० मिलिलिटर पाणी घातलें तर प्रमाण १४ वर येतें, पण २० ग्रॅम ते २० ग्रॅमच. घशाचा व जठराचा दाह कमी होतो, पेला सावकाश सरतो, हा लाभ खरा. यकृताचें काम मात्र तिळभर हलकें होत नाहीं. यकृत ताशीं सातआठ ग्रॅमच निकालांत काढतें. एका मोठ्या पेगाला जवळजवळ तीन तास लागतात, दोहोंना पांचसहा. साठ किलो वजनाच्या पुरुषानें उपाशीं पोटीं एक मोठा पेग घेतला, तर १०० मिलिलिटर रक्तांत मद्यार्काचें प्रमाण अंदाजें ४० ते ५० मिलिग्रॅमपर्यंत चढूं शकतें. वाहन चालविणाऱ्यास कायद्यानें घातलेली मर्यादा ३० ची आहे. मग तो पेग पाण्यांतून घेतलेला असो वा बर्फावरून.

बिअरला निरुपद्रवी मानणाऱ्यांसाठीं आणखी एक उदाहरण. ६५० मिलिलिटरच्या बाटलींत शेंकडा ८ मद्यार्क असेल, तर तो ४१ ग्रॅम होतो; दोन मोठ्या पेगांहून किंचित् अधिकच. मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट केलें आहे.

बोटांनीं मोजून ओतण्याची पद्धति या हिशेबाची वैरीण आहे. रुंद पेल्यांतलें एक बोट आणि अरुंद पेल्यांतलें एक बोट यांत अंतर फार. शिवाय बर्फ वितळत जाऊन पेला भरलेलाच दिसतो व मध्यें किती वेळां ओतली हें कोणास आठवत नाहीं. ज्यांच्या घरीं बाटली आहे त्यांनीं खुणा केलेलें ३० मिलिलिटरचें मोजमाप तिच्याशेजारीं ठेवावें, व तें घरांतील इतरांनाही वाचतां यावें.

बाजारांतल्या बर्फाविषयींही सावध असावें. मासळी वगैरे थंड ठेवण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असें नाहीं. म्हणून तो निळसर रंगवावा, असा नियम महाराष्ट्रांत २०१८ पासून लागू झाला. व्हिस्कीनें जंतु मरतात या भरंवशावरही राहूं नये. पाणी घातलेल्या पेल्यांत तेवढी तीव्रता उरत नाहीं. बर्फ हवाच असेल तर पाणी उकळून, गार करून, तो घरींच करावा.