आगगाडी आणि तिचे मोल



ज्युबिलीच्या ह्या मंगलदिनी आम्ही आगगाडीविषयी बोलावे, ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु उमेळ्याजवळून जाणाऱ्या ह्या लोहमार्गाने आपल्या पूर्वजांचा संसार पालटला. म्हणून तो कोणी व कशासाठी घातला, हे जाणणे उचित होय.

'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे' ही कंपनी १८५५ साली विलायतेत स्थापन झाली. १८६० साली तिची गाडी गुजराथेत अंकलेश्वर ते उत्राण धावू लागली. पुढे वसईच्या खाडीवर पूल होऊन १८६४ च्या नोव्हेंबरात ती मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोहोचली, आणि १८६७ साली विरारहून बॅकबेस जाणारी गाडी सुरू झाली.

हा खटाटोप कोणासाठी? लॉर्ड डलहौसीने १८५३ सालीच हेतू लिहून ठेवला होता: फौजा त्वरेने हलाव्या, कापूस विलायतेस जावा आणि तिकडील माल येथे खपावा. १८६१ साली अमेरिकेत यादवी माजली, तेव्हा लँकशायरच्या गिरण्यांस गुजराथच्या कापसाची निकड अधिकच भासली. कंपनीस जमीन फुकट मिळाली, शिवाय भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची सरकारी हमी. उत्पन्न कमी पडल्यास तूट भरावी तिजोरीने, आणि ती तिजोरी भरावी शेतसारा व मिठावरील कर देणाऱ्या रयतेने! नफ्याचा धनी एक, तोट्याचा धनी दुसरा, असा तो करार होता.

तथापि कृतघ्न होणे आम्हांस शोभणार नाही. ह्याच गाडीने वसईची केळी, भाजी, फुले व विड्याची पाने मुंबईच्या बाजारी नेली. आपली मुले विद्येस व चाकरीस गेली. मनुष्याच्या स्वार्थातूनही परमेश्वर कल्याण घडवितो. परंतु तेवढ्याने स्वार्थ पुण्य ठरत नाही.

१९०५ साली सरकारने हा मार्ग विकत घेतला, तरी कारभार १९४२ पर्यंत कंपनीकडेच राहिला. १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली, तेव्हा देश स्वतंत्र होता.

बंधुभगिनींनो, मोशेच्या नियमशास्त्रात ज्युबिलीचे वर्ष म्हणजे गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळण्याचे वर्ष. ह्या सणाचा न्यायाशी असा जुना संबंध आहे. म्हणून उद्या आपल्या शेतावाड्यांतून नवा मार्ग आखला गेला, तर आंधळा विरोध नको आणि आंधळी मान्यताही नको. लाभ कोणास, भार कोणावर, आणि गावास विचारले काय, हे तीन प्रश्न आपण निर्भयपणे व एकजुटीने विचारावे. तशी सुबुद्धी व धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.